बेसची सजावट: रिफंड आधी, किंमत नंतर

माल गोळा करून आपला बेस (घर किंवा तळ) बांधायच्या सर्व्हायव्हल गेममधल्या शोभेच्या वस्तू महाग असाव्यात की स्वस्त, यावर लोक तासन्तास भांडतात. तोडल्यावर किती माल परत मिळतो, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. माझ्या मते सगळी मेख तिथंच आहे. तटबंदी बांधताना काय हवंय ते आधीच ठरलेलं असतं. सजावटीचं तसं नसतं. खिडकी इथं बरी दिसेल की दोन ब्लॉक डावीकडे, हे लावून बघितल्याशिवाय कळत नाही. तोडणं आणि पुन्हा लावणं हा त्या कामाचाच भाग आहे. त्यावर दंड बसवला की माणूस प्रयोग सोडतो आणि चौकोनी खोका बांधून मोकळा होतो.

व्हॅलहाइम या गेममध्ये हातोड्याने काढलेल्या वस्तूचा सगळा माल परत मिळतो. टेरारियात एका ब्लॉकच्या चार भिंती होतात आणि चार भिंतींचा पुन्हा एक ब्लॉक. माइनक्राफ्टमध्ये अवजारावर सिल्क टच (ब्लॉक अख्खा हाती देणारी जादू) नसेल तर फोडलेली काच गेली ती गेलीच. बुकशेल्फ तोडलं तर तीन पुस्तकं हाती येतात, सहा फळ्या बुडतात. रक्कम मोठी नाही, पण हात आखडतो.

दुसरी चूक म्हणजे शोभा आणि प्रगती एकाच डब्यातून भागवायला लावणं. माइनक्राफ्टचा कंदील घ्या: आठ आयर्न नगेट (लोखंडाचे बारके तुकडे) आणि एक टॉर्च (मशाल). नऊ नगेटचा एक इनगॉट (लोखंडाची लगड), म्हणजे २७ कंदिलांना २४ इनगॉट लागतात. डोक्यापासून पायापर्यंतचं लोखंडी चिलखतही बरोबर २४ इनगॉटचंच. सुरुवातीच्या खेळाडूने काय निवडावं? अंगणात दिवे की अंगावर चिलखत? आणि साखळीचा हिशोब तर उफराटाच आहे. एक इनगॉट अधिक दोन नगेट, म्हणजे ११ नगेटला एकच साखळी. दिव्यापेक्षा दोरी महाग! उंच छतातून तीन साखळ्या सोडून खाली कंदील लावला तर ४१ नगेट, साडेचार इनगॉटच्या वर. तेवढ्यात लोखंडी पिकॅक्स (कुदळ) होऊन वर दीड इनगॉट उरला असता.

यावर तोडगा आहे. वरचे दोन ब्लॉक लाकडी कुंपणाचे ठेवा आणि शेवटचीच साखळी लावा. खर्च १९ नगेटवर येतो. पाच फळ्यांत (दोन काठ्यांची एक फळी धरून) तीन कुंपणं होतात, तेव्हा लाकडाचं ओझं नगण्य. काळोख्या छतात फरक फारसा दिसतही नाही. २०२५ मध्ये तांब्याचे कंदील आणि साखळ्या आल्या, ते पाऊल मला पटलं. तांबं ढिगाने सापडतं आणि त्यावाचून फारसं काही अडत नाही. शोभेला असाच माल हवा.

तिसरी गोष्ट आकाराची. दर ठरवणाऱ्यांनी एकदा नमुन्याची खोली बांधून बघावी. बाहेरून ९ × ९, उंची पाच, म्हणजे भिंतींचे १६० ब्लॉक. त्यात २ × २ च्या चार खिडक्या काढा. १६ काचपट्ट्या लागतात आणि त्या सहा काचांतच होतात. आता प्रत्येक खिडकीला दोन्ही बाजूंनी ट्रॅपडोरच्या (लाकडी झापांच्या) झडपा लावा. १६ ट्रॅपडोर, सहा फळ्यांना दोन या दराने ४८ फळ्या, म्हणजे १२ ओंडके. खिडकी सहा काचांत उरकली आणि झडपांनी झाडं खाल्ली. असा उलटा दर कागदावर दिसत नाही, खोली बांधली की लगेच दिसतो. आणि मोजताना नग मोजू नका, माल गोळा करायला लागणारी मिनिटं मोजा. शोभेची मिनिटं बांधकामाच्या निम्म्यावर गेली तर दर चुकलाय असं मी म्हणेन.

पायऱ्यांचंही तेच. माइनक्राफ्टच्या क्राफ्टिंग टेबलवर (वस्तू बनवायच्या मेजावर) सहा ब्लॉकच्या चार पायऱ्या होतात. दगडासाठी २०१९ मध्ये स्टोनकटर कामाचा झाला आणि एकास एक मिळू लागलं. २०० पायऱ्यांच्या छपराला ३०० ऐवजी २०० दगड पुरतात. लाकडाला मात्र आजही ३०० फळ्या, म्हणजे ७५ ओंडके. लाकूडकामाची हौस असणाऱ्यांनी काय घोडं मारलंय?

स्वतःचा सर्व्हर असेल तर डेटापॅकमध्ये (गेमचे नियम बदलणाऱ्या फायलींत) पायऱ्यांच्या रेसिपीतला काउंट, म्हणजे एका वेळी मिळणारे नग, चारचा सहा करा. आठ करू नका. लाकडी पायरी भट्टीत फळीइतकीच जळते, १५ सेकंद. सहा फळ्या ९० सेकंद पुरतात, त्यांच्याच आठ पायऱ्या १२० सेकंद. दोन दिवसांत कुणीतरी पायऱ्यांवर भट्ट्या चालवायला लागेल. पायऱ्यांच्या पुन्हा फळ्या करायची उलटी रेसिपी टाकली असेल तर तीही त्याच वेळी बदला. जुन्या हिशोबाने चार पायऱ्यांना सहा फळ्या परत मिळत राहिल्या तर प्रत्येक फेरीत दोन पायऱ्या फुकट पडतात. लाकूडतोड संपली म्हणून समजा.

मग सगळं फुकटच का नको? एकट्याने खेळताना चालेल, सर्व्हरवर नाही. आयटम फ्रेम (वस्तू टांगायची चौकट) आणि आर्मर स्टँड (चिलखत अडकवायचा सांगाडा) हे ब्लॉक नसून एंटिटी, म्हणजे गेमला वेगळ्या सांभाळाव्या लागणाऱ्या वस्तू असतात, आणि एका चंकमध्ये (नकाशाच्या एका चौकोनी तुकड्यात) शेकड्याने लावले की जवळ येणाऱ्या प्रत्येकाचा फ्रेमरेट कोसळतो, म्हणजे चित्र अडखळतं. पण त्यावर किंमत वाढवणं हा उपाय नाही. श्रीमंत खेळाडू तरीही लावतो आणि नवख्याला एकही परवडत नाही. तिथं सरळ चंकमागे संख्येची मर्यादा घाला.

रस्टचा प्रकार निराळा. तिथं बांधकाम टिकवायलाच रोजचा माल टूल कबर्डमध्ये (बेसच्या मुख्य कपाटात) भरावा लागतो, आणि बेस मोठा होईल तसा दर बांधकामाच्या खर्चाच्या १० टक्क्यांवरून ३३ पर्यंत चढतो. शोभेखातर काढलेला सज्जा तिथं रोज जेवायला मागतो. लुटालुटीच्या गेममध्ये मला ते मान्य आहे, एरवी नाही.

सगळ्यात शहाणा सौदा स्टारड्यू व्हॅलीचा. फर्निचर कॅटलॉगला २,००,००० सोनं लागतं. रक्कम डोळे फिरवणारी आहे. पण एकदा भरली की त्यातलं फर्निचर हवं तेवढं काढा, नको ते ठेवून द्या, पुन्हा एक नाणं लागत नाही.