‘लस टाळायला शिकवता’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

फेरेट, म्हणजे मुंगसासारखा दिसणारा छोटा पाळीव प्राणी, त्याच्या लशींवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. मुद्दे बरेच आहेत, पण मला लागलं ते एक वाक्य: “स्वतःच्या एका फेरेटला उलटी झाली म्हणून तुम्ही लोकांना लस टाळायला शिकवता.”

उलटी? डिस्टेंपर या विषाणूजन्य रोगावरच्या लशीचा पाचव्या वर्षीचा डोस देऊन दहा मिनिटंही झाली नव्हती. बिट्टूची शेपटी बाटली घासायच्या ब्रशसारखी फुलली, हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या आणि माझ्या मांडीवरच्या टॉवेलवर रक्ताचे जुलाब झाले. डॉक्टरांनी ॲड्रेनलिन टोचलं, ऑक्सिजन लावला. आम्ही अजून दवाखान्यातच होतो म्हणून तो वाचला. १३ वर्षं फेरेट सांभाळते आहे मी. तुम्ही या सगळ्याला ‘उलटी’ म्हणून मोकळे झालात.

आणि लस टाळा असं मी नक्की कुठे लिहिलंय? दाखवाच. लेखाची सुरुवातच डिस्टेंपरने होते: हनुवटीवर पुरळ, चिकटलेले डोळे, टणक झालेले तळवे, आणि शेवटी जवळजवळ प्रत्येक फेरेटचा मृत्यू. १९८५ मध्ये वायोमिंगमधल्या काळ्या पायांच्या रानफेरेटांची तेव्हा माहीत असलेली एकमेव वसाहत या रोगाने कशी होत्याची नव्हती केली, तेही त्यात आहे. हे लिहिणारी बाई लस टाळा म्हणेल? मी एवढंच म्हटलं की ज्याला एकदा रिॲक्शन आली आहे, त्याला रेबीज आणि डिस्टेंपर एकाच दिवशी देऊ नका, आणि पुढच्या डिस्टेंपरच्या डोसआधी अँटिबॉडी तपासायच्या का, हे डॉक्टरांना विचारा. विचारा म्हटलंय, ठरवा नाही.

एक चूक मान्य. दवाखान्यात १५ मिनिटं थांबा असं मी लिहिलं होतं, निदान अर्धा तास हवं होतं. दुरुस्त केलं आहे.

“रिॲक्शन १ टक्क्यालाच येते” हा तुमचा आकडा साधारण बरोबर आहे. पण २००५ च्या ज्या अभ्यासातून तो येतो, साडेतीन हजारांवर फेरेटांच्या नोंदींचा, त्याच अभ्यासात आधी जितके डोस झालेले तितका धोका वाढतो असंही दिसलं. ते तुम्ही सोडून दिलंत. सगळ्या फेरेटांची सरासरी बिट्टूला लावून कशी चालेल?

अँटीहिस्टामिन (ॲलर्जीवरचं औषध), टायटर (रक्तातल्या अँटिबॉडी मोजणारी तपासणी) यांवर तुम्ही जे लिहिलंत, त्यावर वाद घालत बसत नाही. ‘हौशी मंडळी’ हा शब्द मात्र परत घेतलात तर बरं वाटेल.

आणि लस टाळणाऱ्या या बाईने त्या प्रसंगानंतर बिट्टूला रेबीजची लस दिली आहे. एकटीच, दुसरी कुठलीही सोबत नाही. आधी औषध देऊन. दोन तास दवाखान्यात बसले, घरी आल्यावर रात्रभर दर तासाला उठून त्याच्या हिरड्या बघत होते.