नाक्यावर झडती कशी द्यावी

परवा गावाहून पुण्याला परतताना रात्री साडेअकराला आमची गाडी पोलिसांनी एका नाक्यावर बाजूला घ्यायला लावली. तेव्हापासून मी या विषयातला जाणकार झालो आहे. दिवाळीला गाडी काढणाऱ्यांसाठी हे अनुभवाचे बोल.

तरुण दिसू नका.

मागच्या सीटवर एखादी म्हातारी आत्या बसवा. आत्या नसेल तर शेजाऱ्यांची मागून आणा.

'कशासाठी?' असं विचारू नका. 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्यात कलम 49 आहे. संशयाला कारण असेल तर वाहन काय, जनावरही थांबवून तपासता येतं, विमान असेल तर खाली उतरवता येतं. 'कारण असेल तर' एवढे शब्द मात्र गाळून वाचायचे. हा अधिकार कॉन्स्टेबलच्या वरच्या हुद्द्याला आहे, हेही बोलू नका. आमच्या डिकीत कमरेपर्यंत घुसलेल्यांच्या बाहीवर एकही फीत नव्हती. मी बोललो नाही.

अंगझडतीआधी राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर न्या, असं म्हणायचा हक्क कलम 50 देतं. हुरळून जाऊ नका. तो अंगापुरता आहे. पिशवीला आणि गाडीला तो लागू नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2005 सालीच सांगून ठेवलंय. अंगावर लपवण्यासारखं माझ्याकडे पोट सोडून काही नव्हतं.

मोबाइल मागितला तर हसत द्या. हैदराबादेत 2021 मध्ये रस्त्यात थांबवून लोकांच्या चॅटमध्ये 'गांजा' शोधत होते. आमच्या फॅमिली ग्रुपवर 'शुभ सकाळ'च सापडलं असतं, पण नशा तीही कमी नाही.

आणि गवती चहा आणू नका. आईने अंगणातला कापून, सावलीत वाळवून, पेपरात बांधून दिलेला तर मुळीच नको. पुडी सोडली, टॉर्च मारला, बोटांनी चुरगाळून नाकाला लावली.

"माल कुठून उचलला?"

"साहेब, गवती चहा आहे."

"वास येतोय."

वास येणारच ना, चहात घालतात तो! कायद्यात गांजा म्हणजे त्या झाडाचे फुलाफळांचे शेंडे. शेंड्यांशिवाय नुसती पानं असली तर तीसुद्धा त्यात धरत नाहीत, आणि इथे तर चक्क गवत होतं! चाळीस मिनिटं. पायपुसणी रस्त्यावर, स्टेपनी रस्त्यावर, पोरीचा कंपास बॉक्ससुद्धा उघडला. कर्कटकात गांजा भरतात काय हो? शेवटी "चला, निघा." बस्स. पुडी फाटलेली, आईचा चहा डांबरावर.

संशय आला तर बघा ना, कोण अडवतंय? पण कारण सांगा, नाव सांगा, उघडलंत ते बंद करून द्या. उगाच छळायला झडती घेणाऱ्या अधिकाऱ्याला याच कायद्यात कलम 58 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही, असं लिहिलंय. तेवढं पान तुमच्या पुस्तकातून फाटलंय का?

आणि तुम्ही हसू नका. मी वाकून काड्या गोळा करत होतो, तेव्हा मागून हॉर्न कोण वाजवत होतं?