शंभरात एकाला होणारा त्रास आणि त्यावर एवढे लिहिणे : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

कर्करोगावरील इम्युनोथेरपीमुळे हृदयाच्या स्नायूला येऊ शकणाऱ्या सुजेविषयी, म्हणजे मायोकार्डायटिसविषयी, मी लिहिलेल्या लेखावर आपण सावंतवाडीहून सविस्तर आणि काहीशा रागाने प्रतिक्रिया दिली आहे. आपले म्हणणे थोडक्यात असे, की हा त्रास शंभरात एखाद्याला होतो आणि त्यावर पानभर लिहिल्याने रुग्ण घाबरतात. आपल्या वहिनींनी पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाचे पाच डोस घेतले होते, पण लेख वाचून सहाव्याला नकार दिला. त्यांचा टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, नॉर्मल असल्याने ही भीती निराधार आहे, असे आपण म्हणता. आणि गावात राहणाऱ्या माणसाला या माहितीचा उपयोग तरी काय. शेवटी आपण टाटा रुग्णालयाच्या कमी डोसबद्दलही विचारले आहे.

आधी वहिनींविषयी, कारण तेच सर्वांत निकडीचे आहे. त्यांनी डोस परस्पर बंद करू नये. दर तीन आठवड्यांनी एक या हिशेबाने पाच डोस म्हणजे तीन महिने उलटले, आणि आतापर्यंत नोंदवलेल्या रुग्णांपैकी बहुतेकांना हा त्रास पहिल्या तीन महिन्यांतच झालेला आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ३५ रुग्णांच्या एका अभ्यासात निम्म्या रुग्णांना तो पहिल्या डोसपासून ३४ दिवसांच्या आत सुरू झाला होता. उशिरा त्रास झाल्याची उदाहरणे आहेत, त्यामुळे धोका संपला असे म्हणता येत नाही. पण सर्वांत अवघड टप्पा बहुधा मागे पडला आहे, आणि उपचार अर्धवट सोडल्यास कर्करोग बळावण्याची भीती त्याहून कितीतरी मोठी आहे. निर्णय त्यांच्या कर्करोगतज्ज्ञांचा. तो त्यांना भेटून व्हावा, माझा लेख वाचून नव्हे.

आता ‘शंभरात एक’. आकडा आपण बरोबर दिला आहे. २०१६ साली या त्रासाकडे प्रथम ठळकपणे लक्ष वेधले गेले तेव्हा २०,५९४ रुग्णांत गंभीर मायोकार्डायटिसचे अवघे १८ रुग्ण सापडले होते, म्हणजे हजारात एकही नाही. नंतर डॉक्टर मुद्दाम शोधू लागले तेव्हा प्रमाण एक टक्क्याच्या आसपास निघाले. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या औषध-दुष्परिणामांच्या नोंदींतील अशा १०१ गंभीर रुग्णांचा आढावा २०१८ साली घेतला गेला, त्यात ४६ टक्के दगावलेले होते. थायरॉइड मंदावणे हा याच औषधांचा दुष्परिणाम कितीतरी अधिक जणांना होतो, पण तो रोजच्या एका गोळीने सांभाळता येतो, म्हणून त्याला मी दोन ओळी दिल्या. कोणत्या त्रासावर किती लिहायचे हे केवळ तो किती जणांना होतो यावर ठरवणे मला पटत नाही. तो ओळखायला उशीर झाला तर काय होते, हेही पाहावे लागते.

टूडी एकोचा मुद्दा मात्र मला खरोखर महत्त्वाचा वाटतो, कारण ही समजूत डॉक्टरांमध्येही आढळते. डॉक्सोरुबिसिनसारखी जुनी केमोची औषधे हृदयाच्या पेशींना थेट इजा करतात, एकूण मात्रा वाढेल तशी ती इजा वाढते आणि पंपाची ताकद घटते, म्हणून ठरावीक काळाने एको करण्याची पद्धत रुळली. इम्युनोथेरपीची गोष्ट वेगळी आहे. रोगांशी लढणाऱ्या आपल्या लिम्फोसाइट पेशींना शरीराने जो लगाम घातलेला असतो, तो पीडी-१ सारख्या रेणूंना अडवून ही औषधे सैल करतात. मोकळ्या झालेल्या पेशी गाठीवर तुटून पडतात, आणि क्वचित हृदयाच्या स्नायूवरही. जपानी शास्त्रज्ञ तासुकु होंजो यांना या शोधासाठी २०१८ चे नोबेल मिळाले; त्यांच्याच प्रयोगशाळेने २००१ साली दाखवले होते, की पीडी-१ चे जनुक काढून टाकलेल्या उंदरांचे हृदय फुगून निकामी होते. वर उल्लेखलेल्या ३५ रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांचे इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे एकोत मोजली जाणारी पंपाची ताकद, नॉर्मल होते; हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारे ट्रोपोनिन मात्र ९४ टक्के रुग्णांत वाढलेले होते. तेव्हा नॉर्मल एको ही चांगलीच गोष्ट आहे, पण तेवढ्यावर सूज नाही असे ठरत नाही.

कोकणात उपयोग काय, या प्रश्नाचे उत्तर मी उलट देईन. आपल्याकडचा रुग्ण डोस घ्यायला मुंबईत परळला, गोव्यात बांबोळीला किंवा कोल्हापूरला जातो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी परततो. म्हणजे धोक्याचे ते आठवडे तो गावातच काढतो, आणि दम लागला की जवळच्या दवाखान्यात जातो. तिथे घरचे सांगतात, ‘केमो चालू आहे.’ औषधाचे खरे नाव प्लास्टिकच्या पिशवीतल्या फाइलमध्ये कुठेतरी तिसऱ्या-चौथ्या पानावर, ‘इंजेक्शन पेम्ब्रो’ असे डॉक्टरी अक्षरात लिहिलेले असते. मग थकवा केमोचा ठरतो, छातीतले दुखणे गॅसचे, आणि पापण्या जड होणे, मान धरवत नसणे, एकाची दोन दिसणे हे अशक्तपणाचे ठरते. वास्तविक याच औषधाने इतर स्नायूंना सूज येते किंवा मायस्थेनिया हा स्नायू दुबळे करणारा आजार होतो तेव्हा ही लक्षणे दिसतात, आणि अशा रुग्णांत हृदयालाही सूज असण्याची शक्यता बरीच असते. ‘केमो’ऐवजी ‘इम्युनोथेरपी’ हा एक शब्द उच्चारला गेला, तर पुढचे सगळे बदलू शकते. ईसीजी तालुक्याला निघतो. ट्रोपोनिन आकड्यात मोजून मिळाले तर उत्तम, पण रक्ताचे थेंब टाकून ‘आहे-नाही’ एवढेच सांगणाऱ्या कार्डावरच्या तपासणीनेही सुरुवात करता येते, फक्त ती निगेटिव्ह आली म्हणून निश्चिंत होऊ नये. संशय पक्का वाटल्यास कर्करोगतज्ज्ञ आणि हृदयरोगतज्ज्ञ यांच्याशी बोलून, हार्ट अटॅक नाही याची खात्री करत, मिथाइलप्रेडनिसोलोन हे सूज उतरवणारे स्टिरॉइड शिरेतून सुरू केले जाते, बहुधा रोज ५०० ते १००० मिलिग्रॅम. ते दाखल झाल्यापासून २४ तासांत मिळालेल्या रुग्णांची पुढची वाटचाल अधिक बरी झाल्याचे दिसले आहे. रुग्णाला मुंबईच्या गाडीत बसवण्याआधी हे फोन झालेले बरे, कारण हृदयाच्या ठोक्यांची गडबड वाटेतही होऊ शकते.

राहिला कमी डोस. मशेरी आणि तंबाखूमुळे तोंडाचे कर्करोग जिथे सर्रास दिसतात, त्या आपल्या भागासाठी टाटाचे हे काम मोलाचे आहे : डोके-मान भागाच्या पुढच्या टप्प्यातील कर्करोगात गोळ्यांच्या उपचाराला दर तीन आठवड्यांनी निव्होलुमॅब या पीडी-१ रोखणाऱ्या औषधाच्या फक्त २० मिलिग्रॅमची जोड दिल्यावर एका वर्षानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेले, असे त्यांनी २०२३ साली प्रसिद्ध केले. खर्चही अर्थातच आवाक्यात येतो. परंतु डोस कमी म्हणून हृदय सुरक्षित, असा निष्कर्ष मी काढणार नाही. पीडी-१ रोखणाऱ्या औषधांचे असे दुष्परिणाम मात्रेच्या प्रमाणात घटतात-वाढतात असे स्पष्टपणे दिसलेले नाही.

वहिनींना घेऊन आपण तज्ज्ञांकडे जाल तेव्हा पहिल्या डोसपूर्वीचा ईसीजी आणि ट्रोपोनिन फाइलमध्ये आहे का, ते पाहा. नसल्यास सहाव्या डोसआधी दोन्ही करून घ्यावेत का, असे त्यांना विचारा, आणि त्रास झाल्यास रात्री-अपरात्री कोणत्या क्रमांकावर फोन करायचा, तोही फाइलच्या पहिल्या पानावर लिहून घ्या.