'टायर गळ्यात मारले' या रिव्ह्यूवर गॅरेज मालकाचं उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री शटर ओढताना वाचला. आधी माफी मागतो. गाडी मंगळवारी देतो म्हटलं होतं आणि दिली पुढच्या सोमवारी. सहा दिवस उशीर झाला आणि मधले तीन दिवस तुमचे फोनही कोणी उचलले नाहीत. मागच्या चाकांच्या मापाचे टायर मुंबईहून यायला वेळ लागला हे खरं, पण तेवढं फोनवर सांगायला काही लागत नव्हतं. चूक आमची. मनापासून क्षमा असावी.

पण तुम्ही पुढे लिहिलं आहे, 'एलएसडी लावायला गेलो, टायर गळ्यात मारले. ट्रॅक्शन कंट्रोल बंद करून गाडी दिली, पहिल्याच पावसात मागून सुटली. यांना मारुती-टाटाच कळतात, रिअर व्हील ड्राइव्ह कळत नाही.' (बाकी वाचणाऱ्यांसाठी: एलएसडी म्हणजे लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल, मागच्या दोन चाकांत इंजिनची ताकद वाटणारा पार्ट. ट्रॅक्शन कंट्रोल म्हणजे चाक जागच्या जागी फिरू न देणारी यंत्रणा.) उशिराबद्दल एक स्टार दिला असता तर मी मान खाली घालून घेतला असता. 'गळ्यात मारले' हे मात्र सहन होत नाही. बावीस वर्षांत कोणाच्या गळ्यात काही मारलं नाही. आमचं गिऱ्हाईक एकानं दुसऱ्याला सांगून येतं, आणि आता नवीन माणूस आधी फोनवर रिव्ह्यू बघतो. म्हणून त्या दिवशी काय झालं ते सगळं लिहितो. लांबेल, पण वाचा.

तुम्ही आलात तेव्हा मोबाईलमध्ये यादी होती. एलएसडी, खाली बसवणारे स्प्रिंग, आणि स्टॅबिलिटी कंट्रोल, म्हणजे घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा, कायमचं बंद राहील असं कोडिंग. मी म्हटलं, आधी गाडी लिफ्टवर घेऊ. मागच्या टायरवर कोड होता ३२१७. म्हणजे २०१७ सालचा बत्तिसावा आठवडा. बाहेरच्या काठाला नक्षी चार मिलिमीटर, आतल्या काठाला जेमतेम दोन. कायद्याची मर्यादा १.६ आहे, आणि तीन मिलिमीटरच्या खाली गेलं की पाणी बाहेर फेकायची ताकद झपाट्यानं कमी होते. त्यात नागपूरचा मे महिना. पंचेचाळीस डिग्रीत उभ्या राहणाऱ्या गाडीचं रबर नक्षी शिल्लक असली तरी आतून कडक होतं. मी नखानं दाबून दाखवलं होतं, आठवत असेल. पुढचे टायर दुसऱ्या कंपनीचे आणि त्यांच्यापेक्षा नवीन. पुढे पकड जास्त आणि मागे कमी, अशी गाडी ओल्या रस्त्यावर मागूनच जाणार, तिच्यात काहीही लावा.

डाव्या मागच्या चाकाच्या स्पीड सेन्सरची वायर उंदरानं कुरतडलेली होती. मीटरवर एबीएसचा (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि स्टॅबिलिटीचा असे दोन्ही दिवे लागलेले. तुम्ही म्हणालात, 'ते तर कधीचे लागलेत, गाडी चालते ना.' चालते भाऊ, पण त्या सगळ्या यंत्रणेला दिसतं ते त्याच चार सेन्सरमधून. कोणतं चाक जास्त फिरतंय हेच कळत नसेल तर ट्रॅक्शन कंट्रोल पकडणार कोणाला? म्हणजे तुमच्या गाडीत ही सोय आमच्याकडे यायच्या आधीपासूनच बंद होती. आम्ही ती चालू करून दिली.

एलएसडीला मी नाही म्हटलं नव्हतं. आत्ता नको म्हटलं होतं, आणि का ते चहा पिता पिता अर्धा तास सांगितलं होतं. बाकी लोकही वाचतील म्हणून परत सांगतो. साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, देतं. एक चाक निसटलं की ते जेवढा सोसेल तेवढाच दुसऱ्यालाही मिळतो, बाकीची ताकद निसटलेलं चाक फिरवण्यात जाते. एलएसडी लावलं की पकड असलेल्या चाकाकडे जास्त जातो. कोरड्या रस्त्यावर, वळणातून बाहेर पडताना, याला तोड नाही. पण पावसात दुसरी बाजू दिसते. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक निसटतं आणि दुसरं न निसटता गाडीचं मागचं अंग धरून ठेवतं. क्लच-प्लेटच्या कडक एलएसडीत ॲक्सिलरेटर जास्त दाबला गेला तर दोन्ही चाकं एकदम निसटतात, आणि मग मागे धरून ठेवायला काहीच उरत नाही. शिवाय स्टॅबिलिटी कंट्रोल एकेका चाकाला वेगवेगळा ब्रेक लावून गाडी सरळ करतं. मागची दोन चाकं प्लेटनी एकमेकांना बांधली की एका चाकाचा ब्रेक दुसऱ्यालाही ओढतो. कंपनीनं ही यंत्रणा साध्या डिफरन्शियलवर बसवलेली असते, हा फरक तिला माहीत नसतो.

ट्रॅक्शन आणि स्टॅबिलिटी या दोन गोष्टी आहेत हेही मी त्या दिवशी वेगळं सांगितलं होतं. ट्रॅक्शन कंट्रोल फिरणाऱ्या चाकाला आवरतं, इंजिनची ताकद कमी करतं किंवा त्या चाकाला ब्रेक लावतं. स्टॅबिलिटी कंट्रोल बघतं की स्टिअरिंग कुठे वळवलंय आणि गाडी प्रत्यक्षात किती फिरतेय. मागचं अंग बाहेर जायला लागलं की ते बाहेरच्या बाजूच्या पुढच्या चाकाला ब्रेक लावतं. माणसाच्या पायाखाली ब्रेकचं एकच पेडल असतं, एका चाकाला ब्रेक लावणं कोणत्याही ड्रायव्हरला शक्य नाही. ही यंत्रणा १९९५ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये पहिल्यांदा आली, बॉशनं बनवलेली. तिनं किती लोक वाचले असतील! ती कायमची बंद करून द्या म्हणणाऱ्याला मी आजही नाहीच म्हणेन. पण तीसुद्धा पकड निर्माण करू शकत नाही, असलेली पकड वाटून देते. पकड येते टायरमधून, तळहाताएवढ्या चार जागांमधून. म्हणून आधी टायर, मग मागच्या सस्पेन्शन आर्मचे रबरी बुश आणि चाकांची अलाइनमेंट, मग सेन्सर, आणि हे सगळं जागेवर आल्यावर एलएसडी. तेही रोजच्या गाडीला प्लेटवालं न लावता टॉर्सनसारखं गिअरचं लावा, ते हळुवार काम करतं आणि एबीएसशी भांडत नाही, हेही मी सांगितलं होतं.

आता पैशाचं. चार टायरचे ८८ हजार झाले. त्यात मला सुटले पाच हजारांच्या आसपास. तुम्ही म्हणता तसं एलएसडी लावून दिलं असतं तर पार्ट एक लाख साठ हजारांचा आणि मजुरी पंचवीस हजार, कारण डिफरन्शियल उतरवून आतल्या क्राउन-पिनियन गिअरची सेटिंग करावी लागते. मला लोभ असता तर मी तुमच्या यादीलाच हो म्हटलं असतं ना? जास्तीचं काम मी स्वतः सोडलं आणि वर ऐकतो की गळ्यात मारलं. टायरवर तुम्हाला जुन्या टायरचे पैसेही धरून दिले, ते रिव्ह्यूमध्ये आलं नाही.

आणि तो फोटो. वर्धा रोडच्या डबल डेकर उड्डाणपुलावरून उतरल्यावर गाडी अर्धी फिरली, तेव्हा आतून काढलेला मीटरचा फोटो तुम्हीच रिव्ह्यूसोबत टाकला आहे. कोणाला लागलं नाही, गाडी दुभाजकाला घासली नाही, देवाची कृपा. पण तो फोटो मोठा करून बघा. घसरणाऱ्या गाडीच्या चिन्हाखाली 'ऑफ' असा पिवळा दिवा लागलेला आहे. एबीएसचा दिवा लागलेला नाही. सेन्सर परत बिघडला असता तर एबीएसचाही लागला असता. फक्त 'ऑफ' लागतो तेव्हा बटण दाबून यंत्रणा बंद केलेली असते. तुमच्या गाडीत ते बटण नुसतं दाबलं तर ट्रॅक्शन सैल होतं, काही सेकंद दाबून ठेवलं तर सगळंच बंद होतं. आणि गाडी बंद करून परत सुरू केली की यंत्रणा आपोआप चालू होते. गाडी तुम्ही आमच्याकडून सोमवारी नेली. फोटो बुधवारचा आहे. या दोन दिवसांत गाडी कितीदा बंद-सुरू झाली असेल, तुम्हीच सांगा. आम्ही सोमवारी बंद करून दिलेली गोष्ट बुधवारी बंद राहूच शकत नाही. मी तुमच्यावर आरोप करत नाही, बटण चुकूनही दाबलं जातं. पण 'बंद करून दिली' हे खरं नाही, आणि ते हजार लोक वाचतायत.

एक गोष्ट मात्र आमच्याकडून राहिली, ती लपवत नाही. नवीन टायरवर साच्याचा गुळगुळीत थर असतो, पहिले दोन-तीनशे किलोमीटर जपून चालवायचे असतात. तो पहिला पाऊस होता. उन्हाळाभर साचलेलं तेल आणि रबराची भुकटी वर येते, सिमेंटचा रस्ता आणि पुलाच्या लोखंडी जोडपट्ट्या अशा वेळी साबणासारख्या होतात. सोमवारी मी बुटीबोरीला होतो आणि डिलिव्हरी आमच्या नवीन पोट्ट्यानं दिली. त्यानं बिल दिलं, किल्ली दिली, पण हे सांगितलं नाही. मी असतो तर नक्की सांगितलं असतं. ही चूक माझ्याच दुकानाची, त्याच्यावर ढकलत नाही.

'रिअर व्हील ड्राइव्ह कळत नाही' याबद्दल एकच सांगतो. घाट रोडवर वडिलांचं गॅरेज होतं. मी चौथीत असल्यापासून ॲम्बॅसिडर आणि फियाटखाली झोपून काम केलं आहे. त्या दोन्ही मागच्या चाकांवरच चालायच्या, आणि त्यांच्यात ना एबीएस होतं ना दुसरं काही. पावसाळ्यात वडील पहिली गोष्ट बघायचे ती मागच्या टायरची नक्षी, मग हवा, मग बाकी सगळं. गिऱ्हाईक घाई करायचं तरी ते हात लावून बघितल्याशिवाय गाडी सोडत नसत. तुमच्या गाडीत ताकद त्या गाड्यांच्या कितीतरी पट आहे, कॉम्प्युटर आहे, पण रस्त्याला टेकलेलं रबरच आहे. मी त्यांचंच ऐकून तुम्हाला सल्ला दिला. तुम्हाला शनिवार-रविवारी समृद्धीवर न्यायची आहे म्हणालात. तिथे मर्यादा १२० ची आहे आणि उन्हात काँक्रीट तापलेलं असतं. अशा रस्त्यावर सात वर्षांहून जुन्या टायरनी तुम्हाला पाठवायला माझा हात धजावला नाही.

आता यापुढे डिलिव्हरीच्या वेळी बटणं आणि नवीन टायरचं सगळं समजावून सांगायचं, फोनसाठी माणूस ठेवायचा, हे सुरू करतोय. जमेल तसं बाकीही सुधारतो.

तुमची गाडी रविवार सोडून कधीही आणा. अलाइनमेंट परत तपासतो, सेन्सर तुमच्यासमोर स्कॅनरवर दाखवतो, आणि आउटर रिंग रोडला मोकळ्या जागी एक चक्कर मारून बटण कोणत्या वेळी काय करतं ते दाखवतो. पैसे नाही घेणार. टायर तीनशे किलोमीटर चालल्यावरही तुम्हाला एलएसडी हवंच असेल तर गिअरचं मागवून देतो, ॲडव्हान्स न घेता.

आणि भाऊ, उशिराचं आणि फोनचं रिव्ह्यूमध्ये राहू द्या, ते खरं आहे. फक्त 'गळ्यात मारले' आणि 'बंद करून दिली' ही दोन वाक्यं फोटो नीट बघून काढा, एवढी विनंती.