चॅट्सवर्थच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

इंग्लंडात डर्बीशायरमधल्या चॅट्सवर्थ या ड्यूकच्या वाड्याच्या बागेवर मी लिहिलं, त्याखाली तुम्ही म्हणता: "साहेबाची बाग दिसली की तुमच्यासारख्यांचे हात आपोआप जोडले जातात. झाडं आपल्याकडूनच नेलेली. आणि ते काचघर आता आहेच कुठे?"

काचघराचं मान्य. तिथला माळी पॅक्स्टन याचं मोठं काचघर 1920 मध्येच पाडलं, त्या जागी आता भूलभुलैया आहे. माझ्या वाक्यातून ते उभं असल्यासारखं वाटत होतं. दुरुस्त केलं आहे.

पण "तुमच्यासारख्यांचे हात"? मला ओळखता तरी का तुम्ही? मी रावेर तालुक्यातला. वडिलांची बसराई केळीची बाग होती. लाइट रात्रीची, म्हणून बारावीपर्यंत मी रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन बारं द्यायला, म्हणजे बागेला पाणी द्यायला जायचो. केळीची पिलं, म्हणजे बुंध्याशी फुटणारे कोंब, कापून कापून हात चिकाने काळे पडायचे, शाळेत पोरं हसायची. ते हात घेऊन मी त्या बागेत गेलो होतो.

पॅक्स्टनही शेतकऱ्याचाच मुलगा. 1826 मध्ये तेविसाव्या वर्षी तो तिथे मुख्य माळी झाला. त्याने काचेखाली केळ वाढवली, 1835 मध्ये ती फुलली, आणि मालकाच्या घराण्यावरून तिला कॅव्हेंडिश नाव पडलं. आमची बसराई त्याच जातकुळीची. आज जळगावात सगळीकडे लावतात ती ग्रँड नैनसुद्धा. हे कळल्यावर मी तिथे बराच वेळ गप्प उभा राहिलो. त्याला तुम्ही लाचारी म्हणता?

आणि तिथलं ते कारंजं. 1844 मध्ये रशियाचा झार येणार म्हणून बांधलं. तो आलाच नाही. वरच्या माळावर आठ एकरांचं तळं खोदून पाणी नळाने खाली आणलं, आणि निव्वळ उताराच्या जोरावर ते 296 फूट उडाल्याची नोंद आहे. मोटार नाही, पंप नाही. मोटार जळली की आठ-आठ दिवस बाग सुकताना ज्याने पाहिली आहे, त्याला तिथे ड्यूक दिसत नाही हो, पाणी दिसतं. पण हे समजायला शेतात उभं राहावं लागतं, मोबाईलवर बोटं चालवून नाही समजत.

झाडं नेल्याचं म्हणाल, तर चॅट्सवर्थचा गिब्सन नावाचा माळी मेघालयातल्या खासी टेकड्यांतून ऑर्किडं घेऊन 1837 मध्ये परतला, हे मी लेखातच लिहिलं आहे. तो वेगळा विषय आहे, त्यात आज शिरत नाही.

चुका पुढेही दाखवा, मी दुरुस्त करेन. "तुमच्यासारख्यांचे" मात्र परत लिहू नका.