फादर दिब्रिटो परके नव्हते

परवा रात्री साडेनऊला आत्याचा फोन आला. एरवी ती नऊलाच झोपते. "अरे, ते वसईचे फादर गेले ना, त्यांच्याबद्दल ग्रुपवर काय काय आलंय बघ. हे खरं असेल तर मी इतकी वर्षं वेडीच ठरले की रे." आत्या नाशिकला असते, आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं. लेखक आणि धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचे वर्तमानपत्रांतले लेख कापून वहीत चिकटवणारी ती बाई. तिच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर कोणीतरी हा मजकूर टाकला होता. तो वाचला आणि माझं डोकं फिरलं.

मजकूर थोडक्यात असा: दिब्रिटो हे पोर्तुगिजांचे वारस, मराठी ही त्यांची भाषाच नव्हे. ते धर्मांतर करणारे पाद्री आणि साहित्य संमेलन हे त्यांचं व्यासपीठ. 'हरित वसई' चळवळ म्हणजे चर्चच्या जमिनी वाचवण्याचं नाटक. निवडणूक न लढवता मागच्या दाराने संमेलनाचे अध्यक्ष झाले. आणि उस्मानाबादला संमेलन टाकून पळाले. खाली सूचना, सर्व मराठी बांधवांपर्यंत पोहोचवा. एका मराठी शिकवणाऱ्या बाईपर्यंत ते पोहोचलं आहे, म्हणून हे लिहितो आहे.

भाषेचा मुद्दा मला सर्वांत जास्त झोंबला. दिब्रिटोंचा जन्म १९४२चा, वसई तालुक्यातल्या नंदाखालचा. त्या पट्ट्यातल्या कॅथलिक घरांत जी बोली बोलतात ती कुपारी, म्हणजेच सामवेदी. ती मराठीचीच बोली आहे. चर्चमधली प्रार्थना मराठी, गीतं मराठी, लग्नातली गाणी मराठी. आडनावं मात्र पोर्तुगीज, कारण बाप्तिस्म्याच्या वेळी ती मिळाली. पोर्तुगीज वसईत १५३४ ते १७३९ होते आणि त्या दोनशे वर्षांत देवळं पाडली गेली, दडपणाने धर्म बदलले गेले. हे मी नाकारत नाही, नाकारूही नये. पण चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला तेव्हा गेले ते पोर्तुगीज. वाडीत केळी लावणारा, विहिरीवर रहाट चालवणारा माणूस इथलाच होता, तो इथेच राहिला. त्याच्या पणतूच्या पणतूला आज तुम्ही परका म्हणता?

आणि मराठीवर प्रेम करायला इथे जन्मावं लागतं असंही नाही. थॉमस स्टीफन्स हा जन्माने इंग्रज, जेझुइट या ख्रिस्ती संघाचा धर्मगुरू, १५७९ साली गोव्यात आला. त्याने ओवीत ख्रिस्तपुराण रचलं, अकरा हजारांच्या आसपास ओव्या, आणि ते १६१६ साली गोव्यातच राशोलला छापलं गेलं. त्यातच आहे, "जैसी हरळांमाजि रत्नकिळा । कीं रत्नांमाजि हिरा निळा । तैसी भासांमाजि चोखळा । भासा मराठी ॥" ही ओवी मला आत्यानेच शिकवली, मी सातवीत असताना. फोनवर म्हणून दाखवली तर दोन क्षण गप्प झाली. मग म्हणाली, "अरे हो, ती त्या फादरांचीच ना." पुढे रेव्हरंड ना. वा. टिळक, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई, पंडिता रमाबाई, सगळे ख्रिस्तीच. ही माणसं वजा केली तर मराठी गद्याचं आणि कवितेचं किती उरतं ते मजकूर लिहिणाऱ्याने सांगावं.

धर्मांतराचा आरोप सर्वांत घातक, कारण तो वाचून कोणी दगडही उचलू शकतो. उत्तरादाखल मी फक्त जनगणना पुढे ठेवतो. २००१ साली महाराष्ट्रात ख्रिस्ती होते सुमारे १०.५८ लाख, लोकसंख्येच्या १.०९ टक्के. २०११ साली सुमारे १०.८० लाख, म्हणजे ०.९६ टक्के. टक्का घटला आहे. दिब्रिटो १९८३ ते २००७ 'सुवार्ता' या मासिकाचे संपादक होते, त्यांची ओळख सगळ्या महाराष्ट्राला झाली ती याच काळात. ते धर्मगुरू होते, ख्रिस्तावर त्यांची श्रद्धा होती, हे त्यांनी कधी लपवलं नाही. आपला धर्मग्रंथ आपल्या भाषेत नीट यावा म्हणून त्यांनी बायबल सुबोध मराठीत आणलं. यात कट कसला शोधता?

हरित वसईबद्दल तर लिहिणाऱ्याने वसई पाहिलेलीच नसावी. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी ही हिरवी पट्टी बांधकामाला खुली व्हायला लागली. नव्या इमारतींना पाणी हवं, म्हणून गावांतल्या विहिरी उपसून टँकर भरले जाऊ लागले. समुद्र जवळ आहे. गोडं पाणी उपसलं की खारं आत सरकतं, आणि मग केळीची बाग, पानवेल, फुलांची शेती, सगळंच संपतं. हरित वसई संरक्षण समितीचा लढा या पाण्यासाठी होता, आणि त्यात दिब्रिटो आघाडीवर होते. त्या मोर्चांत हिंदूही होते, ख्रिस्तीही होते, कारण विहीर खारी होताना मालकाचा धर्म बघत नाही. बिल्डर आणि टँकरवाल्यांच्या विरोधात उभं राहणं त्या काळात वसईत जिवावरचं काम होतं. वाचली ती शेतकऱ्यांची जमीन आणि त्यांचं पाणी, तेही सगळं वाचलं नाही याचं दुःख आहे.

निवडणुकीचं अर्धं खरं आहे. ती झाली नाही. पण ती पद्धतच तोवर बदलली होती. त्यांच्या आधीच्या अरुणा ढेरेही सन्मानाने, निवडणुकीविनाच अध्यक्ष झाल्या. त्यांच्यावर असा मजकूर फिरलेला मी पाहिला नाही. कथा-कादंबरीकार नसलेला लेखक अध्यक्ष असावा का, हा वाद जरूर घाला, मीही घालेन. त्यात धर्म आणू नका.

राहिलं उस्मानाबाद, जानेवारी २०२०. दिब्रिटोंना पाठीच्या दुखण्याने उभंही राहवत नव्हतं. तशा अवस्थेत त्यांनी अध्यक्षीय भाषण केलं, मराठी शाळांबद्दल आणि लेखकाच्या स्वातंत्र्याबद्दल बोलले, आणि मग उपचारांसाठी मुंबईला परतले. दिब्रिटो अध्यक्ष आहेत म्हणून उद्घाटक, कवी ना. धों. महानोर यांना जाऊ नका असे निरोप आले होते. ते गेले. आणि धमक्यांची चर्चा महिनोन्‌महिने ऐकलेले दिब्रिटोही, दुखरी पाठ घेऊन, त्या मांडवात जाऊन बसले.