सात डिसेंबर, इष्टांक आणि फौजी काका

पुण्यात डहाणूकर कॉलनीच्या कोपऱ्यावर आमचा कट्टा, म्हणजे एका बंद दुकानाची पायरी आणि समोर चहाची टपरी. रविवारी सकाळी तिथं काय विषय निघेल सांगता येत नाही, परवा सात डिसेंबर निघाला कारण मन्या शाळेत शिकवतो आणि यंदा सशस्त्र सेना ध्वजदिन त्याच्या गळ्यात पडलाय.

"काय नवीन करायचंय त्यात," मन्या म्हणाला, "एक रिटायर्ड अधिकारी बोलवायचे, शाल, नारळ, पाचवीच्या पोरींचं गाणं, मग डबा फिरवायचा आणि इष्टांक पुरा करायचा."

बंड्या लगेच पेटला. "इष्टांक? देशभक्तीला टार्गेट?"

"अरे वरून जिल्ह्याला येतो, तो झिरपत झिरपत ऑफिसं शाळा सगळीकडे पोचतो, मी काय करू."

शिल्पा म्हणाली नावं ठेवू नका, १९४९ पासून चालूय हे, तो छोटा झेंडा लाल, गडद निळा, फिकट निळा म्हणजे भूदल नौदल वायुदल, आणि पैसा जखमी जवान, वीरपत्नी, माजी सैनिक यांच्यासाठीच जातो. बंड्या म्हणाला, "मान्य. पण माझ्या फ्रीजवर ते स्टिकर तीन वर्षं होतं आणि मला वाटायचं कुठल्यातरी क्लबचं आहे. दहा रुपये देणाऱ्यालाच पत्ता नाही तर कसला सन्मान?"

इथं मला राहवलं नाही. मागे २६ जुलैला मुलाच्या शाळेत गेलो होतो, कारगिल दिन. दोन आजोबा सैनिक, एकांच्या हातात काठी, तासभर स्टेजवर बसून, का तर पाहुणे यायचेत. पाहुणे आले, चाळीस मिनिटं स्वतःच बोलले. आणि अँकरताई जोशात म्हणाल्या, "आता सत्कार शहीद सुभेदार..." तर काठीवाले आजोबा हात वर करून म्हणाले, "अहो, अजून आहे मी." सगळे हसले, मीही हसलो, पण नंतर जाम लाज वाटली. त्या दोघांना माइक काही मिळालाच नाही. गुलाब मिळाला.

शिल्पा म्हणाली मग पोरांना बाहेर काढा, कॅम्पातलं युद्धस्मारक दाखवा, लोकांच्या वर्गणीतून उभं राहिलंय ते, १५ ऑगस्ट १९९८ ला खुलं झालं. बंड्या म्हणे तिथं पोरं मिग विमानासमोर सेल्फी काढतात आणि वडापाव खाऊन परत. मन्याने खडकीचं पॅराप्लेजिक सेंटर काढलं, मणक्याला इजा झालेले जवान राहतात तिथं, पोरांना कळेल तरी की युद्ध संपलं म्हणजे सगळ्यांचं संपत नाही.

"आणि पोरं काय करणार, रांगेनं बघत जाणार?" शिल्पा चिडली. "माणसं आहेत ती, प्राणिसंग्रहालय नाहीये."

"मुरलीकांत पेटकरांचं सांगू ना आधी वर्गात. पासष्टच्या लढाईत गोळ्या लागल्या आणि १९७२ ला हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात गोल्ड मारलं."

"सांग की. पण मेडल नाही मिळालं तो जवान कमी का?"

याला कोणाकडेच उत्तर नव्हतं, मन्याने चहा ढवळला. त्यात साखर आधीच होती.

तेवढ्यात समोरच्या सोसायटीचे फौजी काका नाइट ड्यूटी संपवून आले, हातात मोबाईल. साताऱ्याकडचे, फौजेत ड्रायव्हर होते, इथं गेटवर सगळे त्यांना काकाच म्हणतात. "मन्यासर, जरा बघा वं. हयातीचा दाखला काय व्हईना. पेन्शन अडकल."

मन्याने फोन काकांच्या तोंडासमोर धरला. अ‍ॅप म्हणतंय पापणी मिटवा. काका मिटवतात, ते म्हणतंय जमलं नाही. चष्मा काढा. उजेडात या. आम्ही सगळे आपापली अक्कल पाजळतोय.

शिल्पाचा चौथीतला पोरगा क्रीम रोल खात उभा होता, त्याने विचारलं, "काका तुम्ही रणगाडा चालवायचात?"

"न्हाई रं. टरक. नव्व्याण्णवला, कारगिलच्या लढाईत, द्रासच्या रस्त्याला. तोलोलिंगच्या डोंगरावरनं आख्खा रस्ता दिसायचा दुश्मनाला, दिवसा गाडी दिसली की तोफेचा गोळा आलाच. मग रातीला जायचं, लाइटी बंद करून."

"मग दिसायचं कसं?"

काका फोनकडे बघायचं विसरले. "पुढच्या गाडीच्या बुडाला, मागच्या चाकांच्या मधी, डिफरन्शियलचा गोळा असतोय, त्याला पांढरा रंग. तेवढाच बघायचा. त्यो हालला की आपुन हालायचं."

"आणि समोरून गाडी आली तर?"

"थांब, दावतो." काकांनी टपरीवरचे बिस्किटाचे पुडे घेतले, पायरीवर एकामागे एक लावले, कडेला चहाचा ग्लास ठेवला, ही दरी. पोरगा क्रीम रोल हातात तसाच धरून उकिडवा बसला. मन्यापण वाकला, फोन अजून हातात, त्यावर लिहून आलेलं, पुन्हा प्रयत्न करा.